खानावळींचीही दखल घ्यावी

संपादक महोदय,

सांगलीतील खाद्यभ्रमंतीवरील आपल्या पुरवणीत सांगली-मिरज रस्त्यावरील वातानुकूलित हॉटेलांनाच जागा मिळालेली दिसते. ज्यांच्या जिवावर हळदीची ही बाजारपेठ चालते, ते हमाल, ट्रकचालक आणि परगावचे शेतकरी जिथे जेवतात, त्या मार्केट यार्ड व एसटी स्थानक परिसरातील खानावळींचा मात्र साधा उल्लेखही नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा सर्वत्र कौतुक झाले. पण सौदे आटोपून पिवळ्या हातांनी पानावर बसलेल्या माणसापुढे येणारी गरम ज्वारीची भाकरी, वर कच्चे तेल सोडलेला खर्डा आणि लसणाच्या फोडणीचा अख्खा मसूर यांविषयी कोणी लिहायचे? अख्ख्या मसुराची पारख दाण्यावरून होते. तो बोटाने दाबताच मऊ लागावा, पण फुटलेला नसावा. भडंग आणि भेळेचे गाडे सर्वांना ठाऊकच आहेत.

परमिट रूमच्या नावाने नाके मुरडणाऱ्यांपैकी काही जण तेथील सुक्या मटणासाठीच जातात, घरी सांगत नाहीत इतकेच.

पुढील पुरवणीत अशा ठिकाणांचे दर, जेवणाच्या वेळा, पिण्याच्या पाण्याची सोय आणि भांडी घासण्याच्या जागेची स्थिती प्रत्यक्ष पाहून छापावी, ही विनंती. जिथे अस्वच्छता आढळेल तिथे तसे स्पष्ट लिहावे.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली