फी माफ आहे, पण बुडालेल्या हजेरीचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात याच सदरात एका सद्गृहस्थांचं पत्र आलं होतं. सरकार फुकट शिकवायला तयार आहे, पण सीमाभागातल्या माणसाला चाळिशीनंतर नवं काही शिकायची हौसच नाही, सगळे मजुरीला गोव्याला नेणाऱ्या गाडीची वाट बघत बसतात, असा त्यांचा सूर होता. त्यातलं अर्धं खरं आहे. शिकवणं फुकट आहे, हे खरं. राहिलेलं अर्धं लिहिण्याआधी त्यांनी पहाटे खानापूरच्या स्टँडवर येऊन चार माणसांशी बोलायला हवं होतं.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आधी फौंड्रीत आणि मग मशीन शॉपमध्ये नोकरी करून निवृत्त झालो. कन्नड वाचता येतं, त्यामुळे गल्लीतले लोक कागद घेऊन माझ्याकडे येतात. अर्ज भरून देता देता एक गोष्ट लक्षात आली. शिकायला नको म्हणणारा क्वचितच भेटतो. वीटभट्टीवरचा एकजण, वय 43, प्लंबिंग शिकायचं म्हणून आला होता. प्रशिक्षणाला पैसे पडत नाहीत, जेवणही तिथंच, हे सगळं समजावून झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "महिनाभर शिकाय गेलो तर घरात खाऊचं काय?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पत्रकावर छापलेलं नसतं.

अठरा वर्षांचा मुलगा शिकायला जातो तेव्हा घर बाप चालवत असतो, त्याला फीमाफी पुरते. चाळिशीतल्या माणसाला फी हा सगळ्यांत किरकोळ खर्च. त्याची रोजची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, बुडते, बचत संघाच्या कर्जाचा आठवड्याचा हप्ता थांबत नाही, आणि मुकादमानं एकदा दुसरा माणूस घेतला की परत आल्यावर जागा मिळेलच असं नाही. प्रौढांच्या प्रशिक्षणाला आर्थिक मदत करायची म्हणजे शिकणाऱ्याचं घर तेवढे दिवस चालवायचं. आपल्या बहुतेक योजना हे गृहीतच धरत नाहीत.

एका योजनेनं धरलंय, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण आहे, पुढं हवं असेल तर पंधरा दिवसांचं. दोन्हींत दिवसाला 500 रुपये विद्यावेतन मिळतं. कर्नाटकात 2025-26 साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला 370 रुपये ठरली होती, त्या मानानं ही रक्कम बरी म्हणायची. शिवाय हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि नंतर 5 टक्के व्याजानं आधी 1 लाख, मग 2 लाखांपर्यंत कर्ज. गवंडी, सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, परीट, चांभार असे 18 व्यवसाय त्यात येतात. अथणी-निपाणीकडच्या चप्पल कारागिरांनी तर ही संधी सोडूच नये. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्या चारांत बेळगाव आहे.

पण बेळगावातल्या वडगाव-शहापूरचा विणकर त्या 18 मध्ये नाही. वेल्डर, टर्नर, मोटार रिवाइंडिंगवालाही नाही. कुटुंबातल्या एकालाच लाभ, त्यामुळे नवरा गवंडी आणि बायको शिवणकाम करणारी असेल तर दोघांत कोण, हे घरातच ठरवावं लागतं. (माझ्या पाहण्यात बहुतेक घरांत नवऱ्याचं नाव पुढं जातं. बायकोचं गेलं तर पैसे घरात जास्त टिकतात, असं माझं मत आहे. असो.)

नोंदणीच्या वेळचा एक प्रकार सांगतो. अर्ज सीएससी केंद्रावर, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या सेवा केंद्रावर होतो, आधारला जोडलेला मोबाइल, बँक पासबुक आणि रेशन कार्ड घेऊन जावं लागतं आणि अंगठा द्यावा लागतो. आता वीस वर्षं विटा थापलेल्या, सिमेंट कालवलेल्या माणसाचा अंगठा मशीनवर उमटत नाही. रेषाच राहिलेल्या नसतात. केंद्रवाला दहा वेळा बोट पुसायला लावतो, मागची रांग कुरकुरते, आणि माणूस शरमून घरी परततो. ज्याच्या हातानं सगळ्यांत जास्त काम केलंय त्यालाच मशीन ओळखत नाही, ही कसली तऱ्हा! अशांनी आधी आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे नव्यानं घ्यायला सांगावेत, आणि केंद्रावर डोळ्याच्या बुबुळाचं मशीन आहे का तेही विचारावं. अर्ज भरला म्हणजे काम झालं असंही समजू नये. तो आधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत पडताळणीला येतो, मग जिल्हा समितीकडं जातो. पंचायतीत कुणी पाठपुरावा केला नाही तर तो तिथंच पडून राहतो. पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, जाऊन विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

दुसरी सोय आरसेटीची, म्हणजे बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांची. ही कल्पना मुळात कर्नाटकातलीच. 1982 साली धर्मस्थळाजवळच्या उजिरे इथं डॉ. वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकारानं आणि दोन बँकांच्या साथीनं रुडसेटी नावाची अशी पहिली संस्था उभी राहिली, पुढं केंद्रानं तोच साचा देशभर नेला. प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत. शिकून गेल्यावर दोन वर्षं संस्था माणसाच्या मागं असते, बँकेचं कर्ज मिळवून द्यायला मदत करते. खानापूर तालुक्याच्या दक्षिणेकडच्या लोकांना हल्याळची कॅनरा बँक देशपांडे आरसेटी ऐकून माहीत असेल. एवढं चांगलं असूनही तिथं बुडालेल्या हजेरीची भरपाई नाही, म्हणून घरात दुसरं कुणी कमावतं असेल त्यालाच महिनाभर मुक्काम परवडतो. बायकांना निदान जाण्यायेण्याचा खर्च नाही, कारण जून 2023 पासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसला तिकीट पडत नाही.

आता माझ्या स्वतःच्या धंद्यातली गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. उद्यमबाग, मच्छे, काकतीकडच्या कारखान्यांत असे शेकडो लोक आहेत, ज्यांनी मोल्डिंग, लेथ, ग्राइंडिंग सगळं बघून बघून शिकलंय. हातात कसब आहे, कागद नाही. नवीन आयटीआय झालेला पोरगा येतो, त्याला हेच लोक मशीन शिकवतात आणि वर्षभरात तो त्यांच्यापेक्षा जास्त पगार घेतो. अशांसाठी प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत पूर्वज्ञानाची दखल घेण्याची सोय आहे, लोक तिला आरपीएल म्हणतात. वयाची मर्यादा 59 पर्यंत आहे. थोड्या तासांची उजळणी, मग परीक्षा, आणि पास झाल्यावर सरकारमान्य प्रमाणपत्र. महिनाभर रजा नको, हजेरी बुडत नाही. कारखान्याच्या आवारातच हे घेता येतं. मग आपल्या उद्योजक संघटनांनी दर वर्षी एक-दोन तुकड्या का घेऊ नयेत? मालकांना भीती वाटते की कागद मिळाला की कामगार पगार वाढवून मागेल नाहीतर पुण्याला निघून जाईल. मागू दे की! चांगला मोल्डर मिळत नाही म्हणून हेच मालक वर्षभर रडत असतात.

आयटीआयबद्दलही एक गैरसमज आहे. ती दहावी झालेल्या पोरांचीच, असं धरून चालतात. केंद्राच्या नियमात किमान वय 14 आहे, वरची मर्यादा नाही, आणि वेल्डरसारखा एक वर्षाचा ट्रेड आठवी पास माणसालाही घेता येतो. फक्त तो वर्ग दिवसा असतो, म्हणजे पुन्हा तीच हजेरी. संध्याकाळच्या तुकड्यांची मागणी आपल्या आमदारांनी एकदा तरी सभागृहात करावी.

कर्जाबद्दल थोडक्यात. 2024 पासून कौशल्य कर्जाची मर्यादा साडेसात लाखांपर्यंत वाढली आहे. चाळिशीतल्या माणसानं शिकण्यासाठी कर्ज काढावं असं मी कुणालाच सांगत नाही. शिकून झाल्यावर धंद्यासाठी काढावं. त्यासाठी केंद्राची पीएमईजीपी, म्हणजे नव्या धंद्याच्या कर्जावर अनुदान देणारी योजना आहे, बायकांसाठी राज्याची उद्योगिनी आहे, मराठा समाजासाठी राज्याचं विकास महामंडळ आहे. जिथं जात आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, तिथं तो नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून, आधीच काढून ठेवावा. आणि हो, "सरकारी सर्टिफिकेट" देतो म्हणून आधी काही हजार भरायला लावणारे क्लास अलीकडं गावोगाव दिसतात. आमच्या गल्लीतल्या दोन मुलींचे पैसे असेच गेले. पीएम विश्वकर्मा आणि प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत शिकणाऱ्याकडून फी घेत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

राहिला महाराष्ट्राचा विषय, तो टाळून चालणार नाही. आपण पेपर मराठी वाचतो, टीव्ही मराठी बघतो, त्यामुळे योजनाही तिकडच्याच कानावर पडतात. 2024 साली तिकडं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, महिन्याला 6 ते 10 हजार विद्यावेतन. निपाणीपासून खानापूरपर्यंत मोबाइलवर तोच संदेश फिरत होता आणि माझ्याकडंही विचारायला आले. तिला महाराष्ट्राचा रहिवासी लागतो आणि वय 35 च्या आत. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्याचंही तसंच, तिथंही रहिवासाची अट आडवी येते. माझं म्हणणं असं, की 2023 साली महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, तर प्रौढांच्या प्रशिक्षणाला विद्यावेतन देणं अशक्य नाही. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या नेत्यांनी मुंबईला जाताना हा कागदही सोबत न्यावा. पण तोवर इकडच्या योजनांवर पाणी सोडू नये. सीमाप्रश्नाचा खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याच्या निकालाची वाट बघत बसलं तर आज 43 चा असलेला माणूस साठीला पोचेल. कर्नाटकाची योजना घेतली म्हणून कुणाचं मराठीपण कमी होत नाही, हे तरुणांना कुणीतरी ठणकावून सांगायला हवं.

आणि कर्नाटक शासनालाही सांगणं आहे. पंचायतीच्या फलकावर प्रशिक्षणाची सूचना लागते ती फक्त कन्नडमध्ये, तीही बहुतेक वेळा अर्जाची मुदत संपायला दोन दिवस राहिलेले असताना. गावातली बहुसंख्य माणसं मराठी वाचणारी असतील तर खाली चार ओळी मराठीत लिहायला किती खर्च येतो? भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत माहिती द्यायची, हे केंद्राचं जुनं धोरण आहे. मोर्चा न काढताही एखाद्या पीडीओला हे करता येईल, आणि एक-दोघे करतातही.

आपल्या दैनिकाला एक विनंती. राशिभविष्याच्या शेजारी आठवड्यातून एकदा चौकटीएवढी जागा द्या. जिल्ह्यात कुठल्या संस्थेत कोणती तुकडी कधी सुरू होते, वय किती, कागद कोणते, आणि दिवसाला किती पैसे मिळतात, एवढंच त्यात छापा. मजकूर गोळा करून, कन्नडमधून मराठीत करून द्यायला मी आणि माझे दोन निवृत्त शिक्षक मित्र तयार आहोत. मानधन नको. फक्त मजकूर रविवारी छापा, कारण त्या दिवशी आमच्याकडं बाजार असतो आणि पेपर दुकानादुकानांतून वाचला जातो.

कळावे,
आपला एक वाचक,
खानापूर, जि. बेळगाव