उतारावर न्यूट्रल का पडतो ते आमच्या पगारात बघा

संपादक साहेब, नमस्कार.

पुण्यात नवले पुलावर अपघात झाला की पेपरात दोन-चार दिवस रंबलर (रस्त्यावरच्या खडबडीत पट्ट्या), कॅमेरे, स्पीड लिमिट असं सगळं येतं आणि शेवटी ड्रायव्हरनं गाडी न्यूट्रल केली होती, म्हणजे गिअर काढून उतारावर सोडली होती, यावर विषय संपतो. 20 नोव्हेंबर 2022 ला तिथं एकाच वेळी कितीतरी गाड्यांचं नुकसान झालं तेव्हाही हेच झालं. न्यूट्रल करणं चूकच आहे, पण तो का करतो हे कुणी विचारत नाही म्हणून लिहितोय. मी सतरा वर्षं कोल्हापूर-भिवंडी लाईनला आहे.

आमचा पगार असा असतो बघा. बांधीव पगार थोडा, त्यावर ट्रिपमागे भत्ता, जेवणाची खुराकी वेगळी, टायमात गाडी लावली तर इनाम, आणि खरी कमाई अ‍ॅव्हरेजची. मालक लोड गाडीला लिटरमागे चारचं अ‍ॅव्हरेज धरतो, म्हणजे 380 किलोमीटरला 95 लिटर, त्यातनं वाचलं ते आपलं आणि जास्त लागलं तर पगारातनं कट. आठ लिटर वाचले की सातशे रुपये सुटतात, महिन्याला आठ-दहा ट्रिपा धरा, पोरांच्या फिया त्यातनंच भरतो आम्ही. आता कात्रजचा नवा बोगदा सुटला की पुढं सगळा उतारच, तिथं माणसाचा हात आपोआप गिअरवर जातो.

मीपण जायचो तसाच. 2016 ला एकवीस टन साखर भरून येत होतो, न्यूट्रलवर गाडी सोडली, सारखा ब्रेक दाबून ड्रम तापले, ब्रेकचे लायनर जळल्याचा वास आला आणि मग ब्रेक धरेनाच. गिअर परत घ्यायला गेलो तर पडेना, कसाबसा डबल क्लच मारून, म्हणजे दोनदा क्लच दाबून, घेतला आणि गाडी धूर सोडत डाव्या कडेला उभी राहिली. पुढं स्कूलबस होती. त्या रात्री घरी फोन केला नाही, बोलताच आलं नसतं.

आणि वाईट हे की नव्या गाडीत न्यूट्रलनं डिझेल वाचतच नाही. कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल सोडणारं इंजिन असेल तर उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय काढला की डिझेल जाणंच बंद होतं, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला ते पीत राहतं. कुणी इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसर थांबतो, ब्रेकच्या टाकीत हवा भरत नाही आणि स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. हे मला बीएस सहा, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाची गाडी हातात आल्यावर एका मेकॅनिकनं सांगितलं, मालकानं कधीच नाही. अ‍ॅव्हरेजचा हिशोब मात्र दर ट्रिपला न चुकता करतो.

दिवाळीचा बोनस मागितला की तोच मालक म्हणतो, वर्षभर इन्सेन्टिव्ह दिला की, आता कसला बोनस. पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 1965 च्या बोनस कायद्यात कमीत कमी 8.33 टक्के आणि जास्तीत जास्त 20 टक्के लिहिलं होतं, त्याच्या जागी आलेल्या 2019 च्या वेतन संहितेतही तेच आकडे आहेत. जुन्या कायद्यात हा बोनस मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर निघायचा, ट्रिपचं इनाम आणि अ‍ॅव्हरेजचे पैसे त्यात धरतच नव्हते. म्हणून बांधीव पगार कमी दाखवला की बोनसही आपोआप लहान व्हायचा. त्यात कायदा वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागतो आणि आमच्यातले बरेचसे मालक दोन-तीन गाड्यांचे, त्यांच्याकडं काम करणाऱ्यानं काय करायचं?

माझं म्हणणं एवढंच, अ‍ॅव्हरेजचं बक्षीस घाटाच्या रस्त्याला तरी बंद करा आणि तेवढी रक्कम बांधीव पगारात घाला. बक्षीस द्यायचंच तर जीपीएसवर सगळं दिसतं, घाटात ज्यानं स्पीड आवरला त्याला द्या. टायमाचं इनाम तर पूर्ण बंदच करा. ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबतच्या सरकारी परवान्याला, सरकार 200 किलोमीटरला एक दिवस देतं आणि आमच्याकडनं मालक एका रात्रीत भिवंडी मागतो, मग झोपायचं कधी.

आणि साहेब, तुमच्याकडं एक विनंती, पुढच्या वेळी ट्रकच्या अपघाताची बातमी येईल तेव्हा ड्रायव्हरचं गाव आणि वय छापता तसं त्याला पैसे कशावर मिळत होते, ट्रिपवर, टायमावर का डिझेलवर, तेही मालकाला विचारून छापा.

आपला,
एक ट्रकड्रायव्हर, कराड