ज्यांच्यावर कर्ज नव्हते, त्यांनाच कर्ज मिळाले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्ज-ॲपच्या फसवणुकीची बातमी आली की खाली ठरलेला सल्ला असतो : आमिषाला बळी पडू नका. मी इचलकरंजीत छोट्या व्यावसायिकांची जीएसटी आणि आयकराची कामे करतो. यंत्रमागवाले, मंडपवाले, छपाईवाले, खानावळवाले ही माझी मंडळी. त्यांच्यातले जे फसले, ते आमिषापायी नव्हे. कोविडच्या काळात बँकेतून हात हलवत परत आले आणि मग फसले. ते परत का आले, हे कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

मे 2020 मध्ये केंद्राने तीन लाख कोटींची आपत्कालीन कर्जहमी योजना जाहीर केली. जादा तारण नाही, बँकेचे व्याज जास्तीत जास्त सव्वानऊ टक्के, पहिले वर्षभर मुद्दल भरायचे नाही. पुढे मर्यादा पाच लाख कोटींवर नेली आणि योजना 31 मार्च 2023 पर्यंत चालली. ती कुचकामी होती असे मी म्हणणार नाही. स्टेट बँकेच्या संशोधन विभागाने जानेवारी 2022 मध्ये साडेतेरा लाख कर्जखाती तिच्यामुळे बुडीत होण्यापासून वाचल्याचे म्हटले होते, आणि माझ्याकडच्या काही यंत्रमागवाल्यांचे त्या वर्षी कामगारांचे पगार याच पैशातून झाले. पण पात्रता बघा. 29 फेब्रुवारी 2020 रोजी तुमच्या नावावर जेवढे कर्ज बाकी, त्याच्या 20 टक्के. दहा लाख बाकी असतील तर दोन लाख. बाकी काहीच नसेल तर काहीच नाही. आणि त्या दिवशी हप्ता साठ दिवसांहून जास्त थकलेला असेल, तरीही नाही.

म्हणजे जो आधीच बुडत होता तो वगळला, आणि ज्याने जन्मभर अंथरूण पाहून पाय पसरले, उधारी रोखीने चुकवली, बँकेचे तोंड पाहिले नाही, तोही वगळला.

आमचे एक मंडपवाले या दुसऱ्या वर्गातले. वडिलोपार्जित धंदा, डोक्यावर एक पैसा कर्ज नाही. 2020 मध्ये लग्नाला पन्नास माणसे, एप्रिल 2021 मध्ये पंचवीस माणसे आणि दोन तास. पंचवीस माणसांना मंडप कोण घालतो? गोदामाचे भाडे मात्र चालूच, आणि कनातींना उंदीर लागलेले. ते फेरीवाले नसल्यामुळे फेरीवाल्यांसाठीच्या स्वनिधी कर्जयोजनेचे दहा हजारही त्यांच्यासाठी नव्हते. अशा वेळी फोन आला की मुद्रा योजनेतून तुमचे दहा लाख मंजूर आहेत. व्हॉट्सॲपवर मंजुरीपत्र आले, वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का. आधी प्रोसेसिंग फी, मग त्यावर जीएसटी, मग विमा, मग पहिला हप्ता आगाऊ. ते पत्र मी नंतर पाहिले. मराठी धेडगुजरी, पण जीएसटीचा आकडा 18 टक्क्यांनी पैशांपर्यंत बिनचूक! मुद्रा ही संस्था कुणाला थेट कर्ज देतच नाही, कर्ज बँका आणि वित्तसंस्थाच देतात, एवढी एक गोष्ट त्यांना आधी कुणी सांगायला हवी होती. जवळच्या बँक शाखेच्या फलकावर हे नव्हते, गृहकर्जाची जाहिरात होती.

तो खड्डा भरायला त्यांनी ॲपवरून पैसे उचलले. मागितले त्याहून बरेच कमी हातात पडले, आणि सात दिवसांत पूर्ण रकमेचा तगादा. मंडपवाल्याच्या फोनमध्ये कोण असते? केटरर, फुलवाले, बँडवाले, आणि ज्यांच्या घरी पुढची लग्ने व्हायची ते सगळे. धमक्यांचे मेसेज त्यांनाच गेले. नोकरदाराची अशाने अब्रू जाते. धंदेवाल्याची अब्रू जाते आणि तिच्याबरोबर पुढच्या हंगामाच्या ऑर्डरीही जातात.

अमेरिकेत याच काळात उलटे घडले. तिथल्या सरकारने छोट्या धंद्यांना सढळ हाताने कर्जे वाटली, कामगारांच्या पगारावर खर्च केल्यास त्यातली बरीच माफही केली. तिथल्या लघुउद्योग विभागाच्या महानिरीक्षकाने जून 2023 मध्ये अंदाज दिला की 200 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम लबाडीने उचलली गेली असावी. तिकडे भामट्यांनी सरकारला लुटले. आपल्याकडे अटी कडक, म्हणून त्यांनी कर्ज मागणाऱ्यालाच लुटले. सरकारच्या हिशेबात तो तोटा दिसत नाही, एवढेच.

ज्यांना हमी योजनेतून पैसे मिळाले तेही सुटले नाहीत. पहिले वर्ष सवलतीचे संपले ते दुसऱ्या लाटेच्या सुमारास. हप्ते चालू असतानाच मे 2022 मध्ये कापसाची खंडी (356 किलो) लाख रुपयांवर गेली, सूत कडाडले, कापडाला मात्र त्या मानाने भाव नाही. अनेकांची समजूत अशी की सरकारची शंभर टक्के हमी आहे, तेव्हा आपण नाही भरले तर सरकार भरेल. ती हमी बँकेसाठी होती. बँकेला भरपाई मिळाली तरी तुमच्याकडची वसुली थांबत नाही. कर्ज देताना कागदांवर वीस सह्या घेणाऱ्यांनी हे एकदा मराठीत सांगितले असते तर काय बिघडले असते?

आता करण्यासारखे थोडे आहे, पण ते आजही उपयोगी आहे. फसवणुकीत दिलेल्या आधार-पॅनवर परस्पर कर्जे निघाली आहेत आणि ती सिबिलला, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, दिसतात. मंडपवाल्यांना यंदा बँकेने याच कारणाने नाही म्हटले. अशा नोंदीवर तक्रार केल्यास 30 दिवसांत निकाल लावायचा, उशीर झाल्यास तक्रारदाराला दिवसाला 100 रुपये द्यायचे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. अधिकृत कर्ज-ॲपची यादी जुलै 2025 पासून तिच्या संकेतस्थळावर आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी क्वचितच कुणाला हे ठाऊक असते. जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचा समन्वय पाहणाऱ्या अग्रणी बँकेने प्रत्येक शाखेत हा नियम आणि ही यादी मराठीत लावायला सांगावी, आणि महिन्यातून एक दिवस इचलकरंजीत बसून सिबिलच्या तक्रारी जागेवरच भरून घ्याव्यात. मी आणि माझ्यासारखे दोन-चार कर सल्लागार त्या दिवशी विनामोबदला बसायला तयार आहोत.

आपला,
एक कर सल्लागार, इचलकरंजी