पंपाचे अंतर मोजायचे कुठून?

महोदय,

जळगावात महामार्गालगत आमच्या भागात नव्या पेट्रोल पंपासाठी जागा सपाट होते आहे. मागच्या गल्लीत शाळा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी 2020 च्या सूचनांप्रमाणे नवा पंप शाळा, दहा वा अधिक खाटांचे रुग्णालय आणि निवासी क्षेत्र यांपासून 50 मीटर दूर हवा. जागेची अडचण असल्यास जादा सुरक्षा उपायांसह 30 मीटर. हे अंतर कुंपणापासून नव्हे, तर इंधन भरण्याचे यंत्र, टाकीचे तोंड किंवा वाफेचा पाइप यांपैकी जे जवळ असेल तिथून मोजायचे.

खरी मेख ‘निवासी’ या शब्दात आहे. नकाशावर पट्टा व्यापारी दाखवला, की दुकानांच्या माडीवर राहणारी कुटुंबे हिशेबातून गळतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा टँकर रिकामा होताना येणारा वास त्यांच्याच खिडक्यांत शिरणार ना?

पंप नकोच, असे नाही. केळीच्या ट्रकांना डिझेल लागतेच. पण ना हरकत प्रमाणपत्र देण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी मोजणीचा नकाशा जागेवरच फलकावर लावायला सांगावा. टेप आम्ही घेऊन येऊ.

— एक रहिवासी, जळगाव