युबिक्विटिन म्हणजे निव्वळ मरणचिठ्ठी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युबिक्विटिनबद्दल मराठीत जे थोडेफार छापून येते, त्यात ‘निकामी प्रथिनांवर लागणारी मरणचिठ्ठी’ हेच वर्णन बहुधा आढळते. सिचॅनोव्हर, हर्श्को आणि रोज यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले तेही या खुणेमुळे होणाऱ्या प्रथिन-विघटनाच्या शोधासाठीच. पण प्रतिकारशक्तीच्या बाबतीत हे वर्णन थेट दिशाभूल करते.

युबिक्विटिन हे अवघ्या ७६ अमिनो आम्लांचे प्रथिन. ई-१ विकर एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) खर्चून ते सक्रिय करते, मग ते ई-२ या दुसऱ्या विकराकडे जाते आणि ते कोणत्या प्रथिनाला चिकटवायचे हे ई-३ हे तिसरे विकर ठरवते. माणसात ई-३ सहाशेहून अधिक आहेत. युबिक्विटिनवर दुसरे युबिक्विटिन चढून साखळी होते आणि त्यासाठी आठ जागा असतात: सात लायसिन आणि सुरुवातीचे मेथिओनिन (ही दोन्ही अमिनो आम्ले). साखळी कोणत्या जागेवरून जुळली, यात निरोप असतो.

टीएनएफ या दाहाचा निरोप देणाऱ्या प्रथिनाचे उदाहरण पाहा. तो पेशीच्या ग्राहीला चिकटताच आतल्या बाजूस सीआयएपी हे ई-३ रिप-१ या निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनावर ६३ व्या लायसिनची साखळी चढवते. रिप-१ त्याने नष्ट होत नाही. टॅक-१ हे कायनेज, म्हणजे फॉस्फेट लावणारे विकर, तिथे येऊन बसते. पाठोपाठ ल्यूबॅक हे संकुल मेथिओनिनवरून सरळ साखळी विणते, ती नीमो हे प्रथिन पकडते आणि त्याच्यासोबत आयकेके हे दुसरे कायनेज येते. टॅक-१ आयकेकेला चालू करते. आयकेके मग आयकॅपाबी-अल्फा या एनएफ-कॅपा-बीला अडवून धरणाऱ्या प्रथिनाच्या ३२ व ३६ क्रमांकांच्या सेरीनवर फॉस्फेट लावते. आयकॅपाबी-अल्फावर ४८ व्या लायसिनची साखळी येते ती आता कुठे. तीच खरी मरणचिठ्ठी: प्रोटिएसोम हे प्रथिने तोडणारे यंत्र आयकॅपाबी-अल्फा फोडते, जनुके चालू करणारा एनएफ-कॅपा-बी मोकळा होऊन केंद्रकात शिरतो आणि दाहाची जनुके जागी होतात.

साखळ्यांमधला हा फरक विसरला की प्रयोगही फसतो. ‘युबिक्विटिन दिसले, म्हणजे प्रथिन नष्ट होणार’ असा निष्कर्ष साध्या प्रतिपिंडाने केलेल्या वेस्टर्न ब्लॉटवरून (प्रथिने आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीवरून) काढू नये. विशिष्ट साखळी ओळखणारे प्रतिपिंडच वापरावे. पेशी फोडण्याच्या द्रावणात एन-एथिलमॅलिमाइड हे रोधक रसायन नसेल, तर साखळ्या तोडणारी विकरे नळीतही काम करत राहतात आणि साखळ्यांमुळे ब्लॉटवर वर चढत जाणारा धूसर पट्टा फिका पडतो किंवा दिसतच नाही.

दाह थांबवणेही तितकेच मोलाचे. एनएफ-कॅपा-बी स्वतःच ए-२० हे आवर घालणारे प्रथिन तयार करवतो. ओटुलिन हे विकर सरळ साखळ्या कापते. ए-२० च्या जनुकाची एक प्रत जरी निकामी असली तरी लहान वयातच तोंड येणे, जननेंद्रियांवर व्रण, वारंवार ताप असा त्रास सुरू होऊ शकतो. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

२०२० मध्ये वर्णन झालेला वेक्सास तर थेट ई-१ चा, म्हणजे यूबीए-१ जनुकाचा आजार आहे. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने रुग्ण बहुतेक पुरुष, तेही पन्नाशीच्या पुढचे. बिघाड जन्मजात नसतो. तो अस्थिमज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशींत नंतर होतो, म्हणून मुलांकडे जात नाही. या वयाच्या पुरुषाला कारण न सापडणारा ताप, कान किंवा नाकाच्या कूर्चेला सूज आणि लाल पेशी मोठ्या असलेला रक्तक्षय असे एकत्र दिसले, तर रक्ताच्या किंवा अस्थिमज्जेच्या नमुन्यातून यूबीए-१ ची तपासणी व्हायलाच हवी.

आपला,
जीवरसायनशास्त्राचा एक अभ्यासक