छकुली, तू नवापूरला निघण्याआधी

प्रिय छकुली,

सलाम.

शुक्रवारी रात्री फोन कट झाला ना, तो नेटवर्कमुळं नाही झाला, मीच कट केला. तू म्हणालीस मम्मी मी जर्मनीच्या नर्सच्या नोकरीला नाही म्हणून कळवलंय, नवापूरकडच्या मिशन हॉस्पिटलला जूनमध्ये जॉइन होतीय, आणि माझ्या डोळ्यासमोर पहिलं काय आलं तर नाईट करून आल्यावर तू डोळे चोळत जर्मनची वही घेऊन बसायचीस ते, आणि त्या क्लाससाठी पप्पांनी एफडी मोडली ते. पप्पा शेजारीच बसले होते, काय झालं म्हणाले, मी म्हटलं काही नाही, आणि उठून घासलेलीच भांडी परत घासत बसले. समोरासमोर बोलायला गेले की मला रडू येतं आणि मग तुला वाटतं मी अडवतीय, म्हणून लिहितीय. लांब होणार आहे, ड्युटीत वाचू नको, घरी आल्यावर चहा घेऊन वाच.

एक गोष्ट मी तुला कधीच सांगितली नाही. पप्पांनाही लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितली.

१९९३ ला मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सच्या, दुसऱ्या वर्षाला होते, वीस वर्षांची. ३० सप्टेंबर, गुरुवार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, तिकडं लोक गणपती विसर्जन करून दमून झोपलेले आणि पहाटे चार वाजायच्या जरा आधी किल्लारीला भूकंप झाला. तिकडची जुनी घरं कशी, दगडमातीच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, उन्हाळ्यात गार राहतं, पण तेच माळवद झोपेत अंगावर आलं. लातूर अन उस्मानाबादकडची गावंच्या गावं आडवी झाली, जवळजवळ ८ हजार माणसं गेली. आमच्याकडं दुपारी मेट्रनबाईंनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं, म्हणाल्या टीम जातीय, संध्याकाळी जीप निघेल, सक्ती कुणावर नाही, यायचं त्यांनी वहीत नाव लिहा. टेबलावर वही आणि वर एक निळं बॉलपेन. मी लाइनीत उभी राहिले. माझ्यापुढं दोघी होत्या. छातीत इतकं धडधडत होतं छकुली, आणि ती नुसती भीती नव्हती, मला आतून पक्कं कळत होतं की हे बोलावणं मला आहे. पहिलीनं लिहिलं, दुसरीनं लिहिलं, पेन माझ्या हातात आलं, आणि मी म्हटलं, बाई, मला ताप आल्यासारखं वाटतंय.

मेट्रनबाईंनी माझ्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. त्यांना कळलंच असणार. म्हणाल्या, जा, पडून राहा जरा.

बारा दिवसांनी त्या दोघी परत आल्या. तिकडं नंतर पाऊस लागला होता, युनिफॉर्म धुतले तरी चिखलाचा वास जाईना. मी त्यातल्या एकीला विचारलं काय काय केलंत, मला वाटलं मोठमोठ्या गोष्टी सांगेल, तर ती म्हणाली, काय नाही गं, ड्रेसिंगं केली, आणि बायकांच्या केसातली माती धुतली, डोक्याला जखमा होत्या ना, कोमट पाण्यानं हळूहळू माती काढायची, कुणी बोलायचं नाही, नुसतं डोकं आमच्या मांडीवर ठेवायच्या. बस. मी ते ऐकून बाथरूममध्ये जाऊन रडले, कारण केस धुवायला मला येत होतं. एवढंच मागितलं होतं प्रभूनं माझ्याकडून आणि मी लाइनीत उभी राहून त्याचा केवढा डोंगर केला होता. बायबलमधल्या योनाला देवानं सांगितलं म्हणून निनवेला जायचं होतं तर तो तार्शीशच्या जहाजात जाऊन बसला, मी हॉस्टेलच्या खाटेवर पांघरूण घेऊन झोपले, फरक एवढाच.

नंतर मी नोकरी मन लावून केली, ३० वर्षं पेशंटला कधी वाकडं बोलले नाही, प्रभूनं क्षमा केलीय हे मला माहीतय. पण ती वही आठवते.

आणि मग २०२१ चा एप्रिल, कोविडची दुसरी लाट. तू नुकतीच लागलेली, तेवीस वर्षांची. रात्री २ वाजता तुझा व्हिडिओ कॉल आला, पीपीई काढून जिन्यात बसली होतीस, नाकावर मास्कचा काळानिळा वळ, बोटं पाण्यात भिजून सुरकुतलेली म्हाताऱ्या बाईसारखी. एका आजोबांना त्यांच्या मुलीशी मोबाईलवर बोलायला देताना तुझ्याच हातात ते गेले, ते सांगत होतीस. आणि मी काय बोलले? मी म्हणाले राजीनामा टाक, उद्याच्या उद्या घरी ये, आपल्याला नको ही नोकरी. तू थोडा वेळ गप्प राहिलीस आणि म्हणालीस, मम्मी मला पण भीती वाटतीय, पण मी आले तर तिघींच्या दोघी होतील गं, आणि पेशंट ३४ आहेत.

चर्चमध्ये लोक साक्ष देतात तेव्हा कुणाला स्वप्न पडलेलं असतं, कुणाला आवाज आलेला असतो, मी त्यांना खोटं म्हणत नाही, पण तू मला तेव्हा ना वचन सांगितलंस ना दर्शन. तू गणित सांगितलंस. तिघींच्या दोघी होतील. आणि मला तेव्हा कळलं की पाचारण म्हणतात ते हेच असावं, समोर कोण पडलंय आणि तिथं आपण नसलो तर किती जणी उरतात, हे ज्याला दिसतं त्याला हाक आलेलीच असते. यशया संदेष्ट्यालासुद्धा देवानं तू जा असं नाव घेऊन कुठं म्हटलं, मी कोणाला पाठवू एवढंच तो बोलला, आणि ते ऐकून हाच म्हणाला, हा मी आहे, मला पाठव.

म्हणून शुक्रवारी तू जेव्हा म्हणालीस की तिकडं रात्रीच्या वॉर्डाला एकच ट्रेनिंग झालेली सिस्टर असते, तेव्हाच मी ओळखलं होतं की आता ही ऐकणार नाही. फोन ठेवला तो त्यामुळं.

दौंडजवळच्या केडगावची आठवण आहे का, आपलं नगरचं केडगाव नाही, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. तू पाचवीत असताना गेलो होतो. तुझी खापरपणजी तिथं वाढली. १९०० च्या दुष्काळात गुजरातकडून पोरी आणल्या त्यात ती होती, सहा-सात वर्षांची असेल. तिला तिच्या गावाचं नाव सांगता यायचं नाही, एक विहीर आणि विहिरीजवळची चिंच एवढंच आठवायचं, आपलं मूळचं आडनाव आपल्यात आजपर्यंत कुणाला माहीत नाही. पंडिता रमाबाईंनी हे काम काही सोयीच्या वेळी केलं नाही बाळा. १८९७ ला पुण्यात प्लेग चालू, त्यांच्या तिथल्या शारदा सदन आश्रमशाळेत किती मुली ठेवायच्या त्याच्यावर सरकारचे निर्बंध, हातात पैसा बेताचा, आणि तेव्हा ही बाई मध्य प्रांतात जाऊन दुष्काळातल्या शेकडो पोरी घेऊन आली, कुठं ठेवणार तर केडगावच्या उघड्या शेतावर. का, तर तिचे स्वतःचे आईवडील ती सोळा वर्षांची असताना उपासमारीनं गेले होते, भुकेलं पोर कसं दिसतं ते तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. पुढं १९०० ला परत दुष्काळ पडला, परत माणसं पाठवून पोरी आणल्या, तेव्हा मुक्तीत दोनेक हजार जणी झाल्या. त्या दोन हजारांत एक आपली. तेव्हा रमाबाई म्हणाल्या असत्या की आता जागा नाही, तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती, आणि तू नसतीस, मी नसते.

नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत आहे म्हणे, एकाच बाकड्यावर दोन राज्यं. परवापासून माझ्या मनात येतंय ती विहीर अन ती चिंच तिकडं कुठं असेल का. असू दे.

आता मी तुला आई म्हणून नाही, सिस्टर म्हणून दोन गोष्टी सांगते, त्या नीट ऐक. तू जाशील तेव्हा पाऊस तोंडावर असेल. जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला रात्री मण्यार चावते, आणि मण्यार चावलेली कळत नाही, ना सूज ना ठणका, दातांची खूणसुद्धा सापडत नाही. पहाटे माणूस पोट दुखतंय म्हणून येतो, घसा आवळल्यासारखा वाटतो म्हणतो, आणि नवीन सिस्टर त्याला पोटदुखीचा पेशंट समजते. पापण्या बघायच्या. पापण्या जड होऊन खाली यायला लागल्या की लगेच डॉक्टरला उठवायचं, मग रात्रीचे कितीही वाजू देत, कारण पुढं श्वास बंद पडतो, नुसतं इंजेक्शन देऊन भागत नाही, अँबू, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, घेऊन शेजारी बसावं लागतं. दुसरं म्हणजे सिकल सेल, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. तिकडच्या आदिवासी घरांमधे खूप आहे. पोर हाडं दुखतात म्हणून रात्रभर विव्हळतं, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि आपल्यातलेच काही म्हणतात नाटक करतंय. नाटक नसतं ते. पाणी भरपूर, अंग उबदार, आणि दुखण्याचं औषध वेळेवर, मागायची वाट बघायची नाही.

आणि ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं याच सुमाराला परत येतात, त्यातल्या पोटुशी बायका कुठंच दाखवलेल्या नसतात, हातात कार्ड नसतं, कितवा महिना तेही माहीत नसतं. त्यांच्यावर ओरडू नको. ओरडल्यावर बाई पुढच्या वेळी येतच नाही, एवढं मी बघितलंय. त्यांची बोली शीक, पहिल्या महिन्यात निदान कुठं दुखतं, किती दिवस झाले, आणि घाबरू नको, एवढं तरी त्यांच्या बोलीत आलं पाहिजे. जर्मन शिकलीस तर मावची का नाही येणार तुला.

जामखेडला आम्ही नगरहून आठवडाभर ट्रेनिंगला गेलो होतो तेव्हाचं सांगते. आरोळे डॉक्टर आणि त्यांची बायको मॅबेल डॉक्टर दोघं वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत जाऊन आलेले, १९७० ला जामखेडला आले आणि दोनच वर्षांत ७२ चा दुष्काळ. त्यांनी काय केलं तर लोकांना विचारलं तुम्हाला काय पाहिजे, लोक म्हणाले पाणी अन खायला, दवाखाना नंतर. मग आधी पाणी, खाणं. आणि ट्रेनिंग झालेल्या नर्स खेड्यात राहायला तयार होईनात म्हणून गावातल्याच बायकांना शिकवलं, ज्यांना लिहितावाचता येत नव्हतं अशांना. मला भेटलेली एक ताई, हिरवं लुगडं, कपाळाला गोंदण, बाईच्या पोटावर हात फिरवून म्हणाली मूल आडवं आहे, आणि खरंच आडवं होतं. मला विचारते कशी, सिस्टर तुमच्या दवाखान्यात पोटाला हात लावत नाहीत का? तू तिथं शिकवायला जातीयस असं मनात धरून जाऊ नको, अशा बायका तुला तिथं भेटतील, त्यांच्या शेजारी बस.

जर्मनीला गेलेल्या तुझ्या मैत्रिणींबद्दल चर्चमध्ये कुणी वेडंवाकडं बोललं तर मान डोलवू नको. त्यांच्या घरची कर्जं त्या फेडतायत, तिथंही म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढणारं कुणीतरी लागतंच, ती सेवा कमी आणि तुझी जास्त असं प्रभूनं कुठंही सांगितलेलं नाही.

अजून एक, आणि हे लिहिताना हात थांबतोय. किल्लारीचं वाचून तुला वाटेल मम्मीचं राहिलेलं मी पूर्ण करते. नको. माझं ओझं तुझ्या ट्रंकेत टाकू नको. माझ्या वहीत माझं नाव मला लिहायचं होतं, ते मी नाही लिहिलं, त्याचा हिशोब माझा आणि प्रभूचा. तू जाणार असशील तर तुला जे दिसलंय त्यासाठी जा. आणि सहा महिन्यांनी नाहीच झेपलं तर परत ये, दार उघडं आहे, कोण काय म्हणेल ते मी बघते. एलिया संदेष्टा आठवतो ना, झुडपाखाली पडून म्हणाला आता पुरे, मला मरू दे. देवानं त्याला काही उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूत पाठवून निखाऱ्यावरची भाकर अन पाण्याची सुरई दिली, परत झोपू दिलं, परत खायला घातलं. मग पुढची वाट. तू दोन-दोन ड्युट्या ओढून मग जेवण टाळतेस, मला माहीतय, तुझी ती सवय मला २०२१ पासून आवडत नाही. जेवत जा. आठवड्यातून एक रात्र फोन बंद करून झोपत जा, सेवेचं नाव सांगून अंग मोडू नको.

पप्पांना मी काल रात्री सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग उठून माळ्यावरून माझी हॉस्टेलची लोखंडी ट्रंक काढली, आत किती धूळ, सकाळी त्यांनीच ओल्या फडक्यानं पुसली आणि बिजागरीला तेल घातलं. एफडीचा विषय काढला नाही. पाळकसाहेबांना सांगून रविवारच्या उपासनेत तुझ्यासाठी प्रार्थना ठेवायची का एवढंच विचारत होते, तू नको म्हणशील तर नाही सांगणार.

ट्रंकेत गोधडी, मोठी टॉर्च (तुझा मोबाईलचा उजेड पुरत नाही तिकडं), गमबूट, जवसाची अन शेंगदाण्याची चटणी, आणि माझं जुनं घड्याळ, सेकंदकाट्याचं, नाडी मोजायला. गमबूट पाचचे घेऊ का सहाचे ते कळव. धुळ्यापर्यंत एसटीनं येऊ, तिथून सुरतच्या रोडला नवापूर. मी येतीय सोडायला. पप्पा म्हणतात दोघंही येतो, बघू.

फोन ठेवला त्याबद्दल माफ कर.

तुझी मम्मी