सुमनच्या भाचीविषयी

प्रिय सुमन,

तुझं पत्र मिळालं. भाचीला माझ्या क्षेत्रात, म्हणजे सांगाड्यांवरून मृत माणसांची ओळख पटवण्याच्या कामात (फॉरेन्सिक मानववंशशास्त्रात) यायचंय आणि घरचे धास्तावलेत, हे वाचून मला आधी तिचं कौतुकच वाटलं. दिवसभर हाडांत बसून मन कोरडं होत नाही का, असं तू विचारलंयस. माझं तरी उलट झालंय.

परवा टेबलावर एक दात होता, त्यावर आडव्या बारीक रेघा. लहानपणी मोठं आजारपण किंवा उपासमार झाली की एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, बनण्याचं काम मध्येच अडतं आणि अशी रेघ उमटते. हाड आयुष्यभर स्वतःला नव्यानं घडवत राहतं, एनॅमल मात्र एकदा तयार झालं की झालं. कुठल्या तरी आईनं त्या आजारपणात रात्री जागून काढल्या असतील, हे मनात आल्याशिवाय मला पुढची नोंद करता येत नाही.

तिला एक गोष्ट मात्र आवर्जून सांग. हाड जेवढं सांगतं तेवढंच लिहायचं. कॉलरबोनचं छातीकडचं टोक सगळ्यांत उशिरा, पंचविशी-तिशीच्या सुमारास उरलेल्या हाडाशी पूर्ण जुळतं, त्यामुळे तरुण माणसाच्या वयाचा चांगला अंदाज येतो. तरी आपण '२० ते ३०' असंच लिहायचं. तपास करणाऱ्यांना नेमका आकडा हवा असतो, ते मागे लागतात. पण उगाच '२५' लिहिलं, तर बेपत्ता लोकांच्या यादीतून खरा माणूसच गळून पडू शकतो आणि त्याच्या घरचे वाट बघत राहतात. कंबरेच्या हाडावरून स्त्री की पुरुष हे मोठ्या माणसाचं बऱ्याच खात्रीनं कळतं, लहान मुलाचं नाही. त्याच हाडावरच्या खाचा पाहून पूर्वी 'ही बाई बाळंत झालेली' असं ठामपणे सांगत. पुढे तशा खाचा मूल न झालेल्या बायकांत आणि काही पुरुषांतही आढळल्या.

डीएनए आल्यावर आता तुमचं काय काम, असं लोक विचारतात. अगं, डीएनए जुळवायला समोर कुणाचा तरी नमुना लागतो. कुणाच्या घरी जाऊन तो मागायचा, हे बऱ्याचदा आमच्या अहवालावरून ठरतं.

तिला अर्जेंटिनाबद्दल वाचायला सांग. १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीत तिथं हजारो माणसं गायब केली गेली. १९८४ मध्ये आमच्याच क्षेत्रातले अमेरिकेचे तज्ज्ञ क्लाइड स्नो तिथं गेले. बेनामी कबरी खणायला त्यांनी हाताशी घेतली ती कॉलेजातली मुलं, भाचीहून फार मोठी नसतील. त्यांना शिकवून त्यांनी जे पथक उभं केलं, ते आजही काम करतंय. १९८५ मध्ये लष्करी नेत्यांवर खटला चालला, तेव्हा स्नोंनी कोर्टात त्या सांगाड्यांवरून साक्ष दिली. मला या पेशाचा अभिमान वाटतो तो अशा कामांमुळे.

अडचणीही सांगते. पूर्णवेळ जागा थोड्या असतात, बरेच जण शिकवता शिकवता हे काम करतात. शरीररचनाशास्त्र आणि संख्याशास्त्र दोन्ही पक्कं लागतं. लहान मुलाचा सांगाडा समोर आला की त्या दिवशी घरी कुणाशी बोलावंसं वाटत नाही, हेही तिला माहीत असू दे.

सुट्टीत तिला माझ्याकडे पाठव. आधी हाडं ओळखायला शिकू दे, डावं-उजवं डोळे मिटून, नुसत्या हातानं. दोन आठवड्यांनंतरही तिला थांबावंसं वाटलं, तर तिच्या आईशी मी स्वतः बोलेन.

तुझी,
वसुधा